एक लांब घंटी

मिलर्स बेंड, इंडियाना
१० जून १९२३

लाडक्या ऑर्फास,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि माझं उत्तर नाही, म्हणून रुसली असशील. पण तुझी बहीण आता मोठी असामी झाली आहे. हसू नकोस. क्लॅनच्या, त्या गोऱ्या प्रोटेस्टंटांच्या संघटनेच्या, बायकांची शाखा आपल्याही गावात निघाली आणि मी तिची सेक्रेटरी आहे. भर सभेत मला 'मॅडम सेक्रेटरी' म्हणतात! हॉमरशी लग्न करून अठरा वर्षं त्याच्या कोळशाच्या वखारीत राबले, पण 'बाई, जरा बसा' असं कोणी म्हटलं नाही. आणि काल दोनशे बायका खुर्च्यांवर बसून माझं बोलणं ऐकत होत्या. माझा आवाज खणखणीत निघाला.

सभेनंतर पिकनिक. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, आणि बर्था हॅडलीची ती प्रसिद्ध साखर-सायीची पेस्ट्री, जी या वेळीही मधे कच्चीच होती. संध्याकाळी टेकडीवर क्रूस पेटवला. नदीकाठच्या काळ्या लोकांच्या वस्तीतून नीट दिसावा अशी जागा पुरुषांनी मुद्दाम निवडली होती. मुलं टाळ्या पिटत होती.

आता गोधडीचं. प्रत्येक बाईने पांढऱ्या चौकटीत लाल दोऱ्याने आपलं नाव भरायचं, मग सगळ्या चौकटी जोडून गोधडी पाद्रीसाहेबांना भेट द्यायची. तुझ्यासाठी मी एक चौकट राखून ठेवली आहे. गाव सोडलंस तरी तू इथलीच. हो म्हण.

आपली टेलिफोनची तार आठवते ना? एका तारेवर अठरा घरं, प्रत्येकाची घंटी वेगळी. एक लांबच लांब घंटी वाजली की मात्र अठराही घरांनी फोन उचलायचा, कुठे आग लागली किंवा कोणी गेलं असं समजून. बर्थाने त्यावर नवी युक्ती काढली आहे. काही कळवायचं असलं की सकाळी दहाला ती पाच जणींना सांगते, त्या पाच पुढे आणखी पाच-पाच जणींना. दुपारच्या जेवणाआधी सगळ्या तालुक्याला कळलेलं असतं. वर्तमानपत्र झक मारतं.

जाता जाता एक विचारते. कीनबाई १९१९ च्या हिवाळ्यात पाच महिने शाळेत नव्हत्या, तेव्हा कुठे होत्या गं? तू तेव्हा नुकतीच शिकागोला गेली होतीस, भेटल्या असं काहीतरी म्हणाली होतीस. शाळा समितीवर आता आपली माणसं आली आहेत. तिसरीच्या मुलांना पोपला मानणारी बाई कशाला, असं काहींचं म्हणणं आहे. मला काय त्याचं, सहज विचारलं.

तुझ्या ऑगस्टला नमस्कार सांग. बाळाची काही बातमी?

तुझी,
झेल्मा


शिकागो
२४ जून १९२३

मॅडम सेक्रेटरी यांच्या सेवेशी,

गुडघे टेकून लिहिते आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर क्षमा असावी! तू दोनशे बायकांसमोर बोललीस? तू, जी पाहुणे आले की माजघरात लपायचीस? खरंच सांगते, ते वाचून मला तुझा अभिमान वाटला.

पण क्रुसाचं आवडलं नाही. त्या वस्तीत डेल्फिया राहते ना? आईच्या आजारपणात आपल्या चादरी धुणारी डेल्फिया. तिच्या नातवंडांनी दारात उभं राहून तो जाळ पाहिला असेल. तुम्हा बायकांना पिकनिक हवी तर पिकनिक करा, पांढरे झगे घालून नटायचं तर नटा, पण लोकांना घाबरवायचं कशाला? चौकटीचं मग बघू. सध्या माझं नाव नको घालूस.

आता कीनबाईंचं. हे मी कोणाला सांगणार नाही असा त्यांना शब्द दिला होता. पण समितीची माणसं त्यांच्यावर डूख धरून असतील तर त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी हवं, आणि तू सेक्रेटरी आहेस, तुझं ऐकतील. म्हणून सांगते. बाईंना क्षयाची सुरुवात झाली होती. शहराबाहेर कॅथलिक सिस्टरांचं, त्या मठातल्या जोगिणींचं, आजारी माणसांसाठी एक घर आहे, तिथे त्या पाच महिने होत्या. मी दर रविवारी संत्री घेऊन जायचे. व्हरांड्यात ब्लँकेट गुंडाळून बसलेल्या असायच्या आणि माझं व्याकरण सुधारायच्या. क्षय झालेली बाई शाळेत कोण ठेवील, म्हणून गप्प राहायला सांगितलं. आता चार वर्षं झाली, त्या ठणठणीत आहेत.

आणि बर्थाला हेही सांग की दर शुक्रवारी दुपारी आपल्या सगळ्यांच्या हातात सुई कोणी दिली. तुमच्या गोधडीवरचा एकूण एक साखळी टाका कीनबाईंचा आहे.

ऑगस्ट ट्रॅमवर दिवसभर घसा फोडून स्टेशनं पुकारतो आणि रविवारी त्याच्या लुथरन चर्चमध्ये त्याच घशाने गातो. बाळ डिसेंबरात. हो, खरंच!

तुझी,
ऑर्फा


मिलर्स बेंड
३० सप्टेंबर १९२३

लाडक्या ऑर्फास,

डिसेंबरात! मी मावशी होणार! आईचा पाळणा माळ्यावरून काढून हॉमरकडून रंगवून घेते.

तीन महिने पत्र नाही म्हणून रागावू नकोस. उन्हाळा कसा गेला कळलंच नाही. मिरवणुकीत आमची गाडी पहिली आली. गोधडी पुरी झाली, तुझ्या चौकटीत शेवटी झेंडा भरला. डेल्फियाची माणसं पिकनिकनंतर पंधरा दिवसांत घर सोडून इंडियानापोलिसला निघून गेली. आता चादरी मलाच धुवाव्या लागतात, कंबर मोडून गेली. झगा तर दर आठवड्याला काळा होतो. कोळशाच्या वखारीत पांढरं घालायचं ही कल्पना कुठल्यातरी पुरुषाचीच असणार.

हॉमरने दुकानाच्या खिडकीत पाटी लावली आहे, आपला माल आपल्याच माणसांना. सगळ्याच दुकानांनी लावली, मग तो एकटा कसा मागे राहणार?

कीनबाईंनी शाळा सोडली. समितीने राजीनामा मागितला. लोक काय काय बोलत होते, तुला सांगायलाही लाज वाटते. त्या पाच महिन्यांत त्या सिस्टरांकडे बाळंत व्हायला गेल्या होत्या आणि मूल शेजारच्या गावच्या कॅथलिक पाद्र्याचं, असं. मी एवढंच म्हटलं होतं की बाई पाच महिने सिस्टरांकडे होत्या. पुढचं दुसऱ्यांनी जोडलं. तुला माहीत आहे आपलं गाव, पराचा कावळा करायला वेळ लागत नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस, या दिवसांत त्रास करून घेणं बरं नव्हे.

तुझी,
झेल्मा


शिकागो
६ ऑक्टोबर १९२३

झेल्मा,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. 'पुढचं दुसऱ्यांनी जोडलं'? मी तुला क्षय लिहिलं होतं. त्या पत्रात तो शब्द होता. तू तो गाळलास आणि उरलेलं पुढे ढकललंस. का गं? कोणाला सांगितलंस? बर्थाला ना? सकाळी दहाला?

आणि अपराधी मीही आहेच. शब्द मी मोडला.

आईला फ्लू झाला तेव्हा घरात पाऊल टाकायला कोणी तयार नव्हतं. तुझ्या त्या दोनशे बायकांपैकी कोणी आलं होतं? कीनबाई नाकाला रुमाल बांधून अकरा दिवस आल्या. आईला शेवटचं पाणी त्यांनी पाजलं, कारण तू आणि मी दोघी तापाने फणफणलो होतो. त्या बाईबद्दल तू असं होऊ दिलंस!

मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागते. फोन उचल आणि ती लांब घंटी वाजव. अठरा घरं फोन उचलतील. त्यांना तुझ्या त्या खणखणीत आवाजात सांग की हे खोटं आहे आणि मला खरं ठाऊक होतं. दोन मिनिटांचं काम आहे. समिती त्यांना परत घेईल किंवा न घेईल, पण त्यांना रस्त्याने मान वर करून चालता येईल.

आता माझंही खोटं सांगते. ऑगस्ट लुथरन नाही, कॅथलिक आहे. आमचं लग्न त्याच्या पाद्र्याने लावलं. तुम्ही काय म्हणाल या भीतीने मी लपवलं. तुझं भाचरू कॅथलिक होणार आहे. पाळणा पाठवायचा की नाही ते तू ठरव.

ऑर्फा


मिलर्स बेंड
२ नोव्हेंबर १९२३

ऑर्फा,

तीन वर्षं तू मला खोटं लिहीत होतीस आणि आता मला खरं बोलायला शिकवतेस. वा! मी इथे तुझ्या नवऱ्याचं कौतुक बायकांना सांगत होते, लुथरन आहे, कष्टाळू आहे. उद्या हे बाहेर फुटलं तर मला तोंड दाखवायला जागा राहील का? मी कोणाला सांगितलेलं नाही. हॉमरलाही नाही. एवढं तरी माझ्या पदरात घाल.

तू फोनचं लिहितेस ते फार सोपं आहे. तू शिकागोला, तिथे शेजारी कोण राहतं हे कोणाला ठाऊक नसतं. मला इथेच राहायचं आहे. मी तसं बोलले तर संध्याकाळपर्यंत हॉमरच्या वखारीपुढे एक गाडी उभी राहणार नाही. सभेत बर्था विचारेल, झेल्मा, तू कोणाच्या बाजूची? आणि मग मी पुन्हा माजघरात. तुला नाही कळायचं. तिथे माझ्यासाठी खुर्ची आहे, ऑर्फा. माझ्या नावाची.

बाईंचं एवढं काही वाईट चाललेलं नाही. घरीच असतात. परवा रस्त्यात समोरून आल्या, मी पलीकडे गेले. त्यांनी ते पाहिलं असं वाटतं. थोडे महिने जाऊ दे, लोक विसरतील.

पाळणा रंगवून झाला आहे. पिवळा.

झेल्मा


शिकागो
१८ डिसेंबर १९२३

झेल्मा,

मुलगी झाली, दहा तारखेला. काळं जावळ, ऑगस्टची हनुवटी. नाव होनोरा ठेवलं, कीनबाईंचं. पाळणा मिळाला. ती त्यातच झोपली आहे. पाठवलास, त्याबद्दल मनापासून आभार.

बाईंना मी क्षमा मागायला पत्र लिहिलं होतं. त्यांचं उत्तर आलं, ते जसंच्या तसं उतरवते:

'ऑर्फा, तुझ्यावर माझा राग नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. तू शब्द मोडलास आणि मला ते लागलं. पण मोडलास तो माझ्या भल्यासाठी, तेव्हा शंभरातले साठ गुण देते. मला तिकडे बोलावतेस, पण मी नाही येणार. मी गाव सोडलं की त्यांचं म्हणणं खरं ठरेल. खोकला परत आला आहे, हिवाळ्यात येतोच. गावात वखार एकच आणि तिथे मला कोळसा मिळत नाही. पण घरात खुर्च्या पुष्कळ आहेत, आणि हल्ली भेटायला कोणी येत नाही तेव्हा मला एक पुरते. झेल्मा मला पाहून रस्ता ओलांडते. लहानपणीही तिचा टाका फार घट्ट असायचा, कापड आकसायचं. तिला सांग, दोरा जरा सैल सोड.'

खुर्च्यांचं वाक्य पुन्हा वाच, झेल्मा. मला कळलं तसं तुलाही कळू दे. बाई खुर्च्या जाळून ऊब घेते आहे आणि तुझ्या परसात कोळशाचे ढीग आहेत.

मी आता घंटी वाजव म्हणत नाही. फक्त कोळसा दे. अंधारात दे, कोणाला न सांगता दे, हॉमरला न विचारता दे. मला बाळंतपणातून उठवत नाही, नाहीतर मीच आले असते. तू पाच घरांवर राहतेस.

ऑर्फा


मिलर्स बेंड
२० फेब्रुवारी १९२४

ऑर्फा,

कीनबाई गेल्या. अकरा तारखेला. तुला तार करायला हवी होती, पण काय शब्द घालायचे तेच सुचेना.

तुझं पत्र आलं तेव्हा मी हॉमरला विचारलं. विचारू नको असं तू लिहिलं होतंस, तरी विचारलं. तो म्हणाला, 'वसंतापर्यंत थांब, हे वारं ओसरेल, मग बघू.' मी थांबले. एकदा, जानेवारीत नदी गोठली तेव्हा, दोन बादल्या भरल्याही होत्या. फाटकापर्यंत गेले. समोरून बर्थाची गाडी येताना दिसली, तशी परत फिरले. बादल्या चार दिवस मागच्या दाराशी तशाच पडून होत्या. मग मी त्या आपल्याच चुलीत घातल्या.

पोस्टमनला कळलं. पत्रं उचललेली नव्हती म्हणून त्याने खिडकीतून पाहिलं. कोणी मेलं की आपल्याकडे शेजारच्या बायका जाऊन अंग पुसतात, कपडे घालतात, तुला ठाऊकच आहे. अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली, कोणी जाताना दिसेना. मग मीच गेले. या वेळी बर्थाची गाडी आली असती तरी गेले असते, असं मला वाटतं. पण आता वाटून काय उपयोग? वरातीमागून घोडं.

घर इतकं गार होतं की घागरीतल्या पाण्याचा बर्फ फोडावा लागला. खुर्ची एकच उरली होती. टेबल नव्हतं, पुस्तकांची फळी नव्हती, पलंगाचे पायसुद्धा नव्हते, गादी जमिनीवर होती. त्यांचं अंग एवढंसं झालं होतं. मी त्यांना न्हाऊ घातलं, केस विंचरले. किती वेळ एकटीच त्यांच्याशी बोलत होते. काय बोलले ते सांगत नाही.

चांगली चादर शोधायला पेटी उघडली. ती लाकडी पेटी त्यांनी जाळली नव्हती. आत फडकी होती, ऑर्फा. आपल्या शुक्रवारच्या वर्गातली. प्रत्येक मुलीचं पहिलं फडकं, लाल दोऱ्याने वेडंवाकडं नाव भरलेलं. वर्षावार गठ्ठे बांधून ठेवलेले. बर्थाचं होतं. नोला, पर्ल, आयसी, सगळ्यांची होती. गोधडीवर जेवढी नावं आहेत तेवढी जवळजवळ सगळी. पेटी जाळायची तर ही बाहेर काढून कुठे ठेवणार, म्हणून ती शाबूत राहिली असणार. तुझं फडकं या पत्रासोबत पाठवते. माझं मी ठेवलं आहे. खरंच फार घट्ट टाका आहे, कापड गोळा झालंय.

मी पेटीपाशी किती वेळ बसले कोण जाणे. मग घरी आले, हात पुसले आणि फोनपाशी गेले. लांब घंटी वाजवली. मोजून एक मिनिट फोनची दांडी फिरवत होते. मग फोन कानाला लावला. एकेक जण उचलत होती, खट, खट, खट. कोणाच्या तरी घरातलं घड्याळ ऐकू येत होतं, कोणाचं तरी मूल रडत होतं. बर्था म्हणाली, 'कोण आहे? कुठे आग लागली?'

मी म्हटलं, 'मी झेल्मा. कीनबाई वारल्या. त्यांना थंडीने मारलं, आणि आपण मारलं. ते बाळंतपणाचं सगळं खोटं होतं. त्यांना क्षय होता. मला ठाऊक होतं. मी बर्थाला सांगताना तो शब्द गाळला. हे मी सगळ्यांना सांगते आहे.'

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. मला शिव्या देतील, निदान कोणी रडेल. पण कोणी फोन ठेवला नाही. सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. मग बर्था बोलली, आणि तिचा आवाज अजिबात रागावलेला नव्हता, ऑर्फा. दमलेला होता. ती म्हणाली, 'आम्हाला ठाऊक होतं, झेल्मा. कीनबाईंना मूल? काहीतरीच काय! कोणाला खरं वाटलं होतं ते? ठेव आता, माझा पाव जळतोय.'

आणि एकेकीने ठेवला. खट, खट, खट. शेवटी त्या घरातलं घड्याळ तेवढं ऐकू येत राहिलं, मग तेही थांबलं.

दफनाला पाच माणसं होती. शेजारच्या गावचा कॅथलिक पाद्री, त्याचा भाऊ, पोस्टमन, मी, आणि इंडियानापोलिसहून पहाटेच्या गाडीने आलेली डेल्फिया. तिला कोणी कळवलं देव जाणे. गाव सोडायच्या दिवसापर्यंत ती बाईंना दूध नेऊन देत होती म्हणे. मी तिच्याजवळ गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे जाऊन उभी राहिली. रस्ता ओलांडल्यासारखी.

झगा मी चुलीत घातला. हॉमर बोलत नाही. सभेत माझ्या खुर्चीवर नोला बसते. तू आता मला शाबासकी देशील या आशेने हे लिहीत नाही. बाळाला पाहायला ये म्हणशील असंही नाही. पण एक राहिलं आहे ते सांगते, कारण फोनवर मी अर्धंच सांगितलं.

मी म्हटलं, तो शब्द गाळला. गाळला एवढंच नाही. गोधडी जोडायला जमलो होतो तेव्हा बर्थाने विचारलं होतं, 'सिस्टरांकडे? पाच महिने? म्हणजे गं?' तेव्हा तुझं पत्र माझ्या मांडीवर उघडं होतं. क्षय हा शब्द माझ्या अंगठ्याखाली होता. आणि त्या सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या, मी पुढे काय सांगते म्हणून वाट बघत होत्या. मी म्हटलं, 'पाच महिने, बर्था. तूच मोज.'

कोणी दुसऱ्याने काही जोडलं नाही. सगळं मीच बोलले होते.

झेल्मा